दर्शनमंडपाच्या दाराशी

गणना या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय म्हणजे सरळसरळ खानेसुमारी आहे. मिसर सोडून निघालेल्या लोकांची रानातली भटकंती संपत आली आहे, यार्देन नदी समोर दिसते आहे, आणि पलीकडची जमीन वाटायची म्हणून वीस वर्षांवरच्या पुरुषांची मोजदाद चालू आहे. वंशामागून वंश, घराण्यामागून घराणं. एकूण बेरीज ६,०१,७३०. यादीत ज्याचं नाव, जमीन त्याला. आणि लगेच पुढच्या अध्यायात पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. समोर मोशे, याजक एलाजार, सगळे सरदार आणि जमलेली मंडळी.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आमचे वडील सलाफहाद रानात वारले. कोरहानं मोशेविरुद्ध केलेल्या बंडात ते सामील नव्हते. त्यांना मुलगा नव्हता, तेवढ्यासाठी त्यांचं नाव कुळातून का जावं? चुलत्यांच्या बरोबरीनं आम्हांला वाटा द्या.

मोशेजवळ याचं उत्तर नाही. तो प्रकरण देवापुढे नेतो, आणि निकाल मुलींच्या बाजूनं लागतो. एवढंच नव्हे, तर त्या निकालाचा कायदा होतो: मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर भाऊ, मग चुलते, मग जवळचा नातलग. इथे रडारड नाही, चमत्कार नाही, समुद्र दुभंगत नाही. दावा, सुनावणी, निकाल. त्यांच्या युक्तिवादातला धूर्तपणाही पाहण्यासारखा आहे. आम्ही बायका आहोत म्हणून आमच्यावर अन्याय होतो, असा शब्द त्या काढत नाहीत. पुरुषाचं नाव बुडू नये, ही त्या समाजाची सगळ्यांत मोठी काळजी. नेमकी तीच त्या पुढे करतात. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या बाबा बथ्रा भागात रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, या बहिणींना शहाण्या आणि शास्त्राचा अर्थ लावू शकणाऱ्या म्हटलं आहे, ते उगीच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. छत्तिसाव्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या अगदी शेवटी, त्यांच्याच भाऊबंदांमधली वडीलधारी मंडळी तक्रार घेऊन येतात. या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही तिकडे जाणार, त्याचं काय? मग दुरुस्ती होते: लग्न आपल्याच वंशात करायचं. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. मिळालेल्या हक्काला कुंपण पडतं. पुढे यहोशवाच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, त्या पुन्हा एलाजारापुढे आणि आता मोशेच्या जागी आलेल्या यहोशवापुढे उभ्या आहेत, ठरलेल्या गोष्टीची आठवण करून देत आहेत. निकाल हाती आणि ताबा नाही, हा प्रकार जमिनीच्या कज्ज्यांइतकाच जुना आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९१० साली प्राचीन समारियाच्या टेकडीवर हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं सापडली. इ. स. पूर्व आठव्या शतकातली ही कारकुनी टिपणं. द्राक्षारस आणि तेल कुठल्या मुलखातून आलं, कुणाच्या नावे आलं, एवढाच मजकूर. त्यांत मनश्शे या, म्हणजे या बहिणींच्याच, वंशाच्या प्रदेशातल्या भागांची नावं येतात, आणि त्यांत नोआ आणि होग्ला ही दोन नावं आहेत. काही अभ्यासक यावरून म्हणतात, या पाच बहिणींची कथा म्हणजे मुलखांच्या नावांचा उलगडा करण्यासाठी रचलेली गोष्ट. असेल. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर जातं. बापाचं नाव राहावं म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या. खापरांवर नोआ राहिली, होग्ला राहिली, सलाफहाद नावाचा मुलूख मात्र त्यांत कुठे नाही.

हा लेखसंग्रह बायबलमधल्या स्त्रियांविषयी आहे, पण त्यात 'थोर स्त्रियांची चरित्रं' शोधू जाल तर निराशा होईल. तशी पुस्तकं ढिगानं आहेत. चर्चच्या महिला मंडळांत ती वाचली जातात, रविवारच्या शाळेत त्यांतली चित्रं रंगवली जातात, आणि त्यांत रूथ नेहमी नम्र, एस्तेर नेहमी सुंदर आणि मार्था नेहमी स्वयंपाकघरात असते. आमचा प्रश्न वेगळा आहे. या बाईनं नेमकं काय केलं, त्यानं कोणती रीत, कायदा किंवा निर्णय बदलला, आणि बदलाचा फायदा शेवटी कुणाच्या पदरात पडला? तिसरा प्रश्न विचारला नाही तर पहिले दोन फसवे ठरतात, हे सलाफहादाच्या मुलींनी दाखवलंच आहे.

ज्या वाचकांचा बायबलशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. बायबल हे एक पुस्तक नसून ग्रंथालय आहे. यहुद्यांचा हिब्रू ग्रंथसंग्रह, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, आणि ग्रीकमधला सत्तावीस पुस्तकांचा नवा करार, असे त्याचे दोन मोठे भाग. जुन्या करारात प्रॉटेस्टंट परंपरा एकोणचाळीस पुस्तकं मोजते, कॅथलिक परंपरा शेहेचाळीस. यहुदीथ ही होलोफर्नेस सेनापतीचं मुंडकं कापणारी विधवा कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या नाही. या सगळ्या लेखनाला सुमारे हजार वर्षं लागली. शास्ते या पुस्तकातलं दबोराचं गीत हा हिब्रूतल्या सर्वांत जुन्या काव्यांपैकी एक नमुना, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणारे, नकला करणारे आणि जपणारे हात जवळजवळ सगळे पुरुषांचे. म्हणूनच, स्वतःच्या सोयीच्या नसलेल्या या गोष्टी त्या हातांनी गाळल्या का नाहीत, हे कोडं या अभ्यासाच्या मुळाशी आहे.

बदल म्हटला की आपल्याला रणांगण आठवतं किंवा सिंहासन. बायबलमध्ये तीही आहेत. दबोरा न्यायनिवाडा करते आणि सेनापतीला लढाईवर धाडते. एस्तेर राजाच्या मर्जीवर जीव टांगून दरबारात शिरते. पण बहुतेक कथांमधला बदल बाळंतपण, वारसा, लग्न, धान्य, पाणी, मयत अशा ठिकाणी घडतो. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणींना फारोचा हुकूम आहे: इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका. त्या मारत नाहीत. जाब विचारला तेव्हा सांगतात, या बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. याची शहानिशा कोण करणार? बाळंतिणीच्या खोलीत राजाला प्रवेश नाही. सत्ता जिथे पोचू शकत नाही ती जागा त्या दोघींना पक्की ठाऊक आहे.

तामारही अशीच. विधवा सुनेला धाकट्या दिराशी लग्न करून द्यायचं, ही रीत. सासरा यहूदा ते टाळतो. ती वेश्येच्या वेशात वाटेवर बसते आणि त्याच्याकडून त्याची मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवून घेते. पुढे तिला जाळायला काढतात तेव्हा ती आरडाओरडा करत नाही, वस्तू पाठवून देते. यहूदाला चारचौघांत कबूल करावं लागतं की ती आपल्यापेक्षा न्यायी आहे. रूथ तर परकी, मवाबी. अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि तीच मवाबीण दावीद राजाची पणजी ठरते. मत्तयनं येशूची वंशावळ दिली तीत आई मरीयेखेरीज चार स्त्रिया आल्या: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. वंशावळ शोभिवंत करायची असती तर यांतली एकही निवडली नसती.

इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. योशिया राजा तो ऐकून कपडे फाडतो आणि पाच बड्या माणसांना विचारायला पाठवतो. कुणाकडे? हुल्देकडे. राजाच्या पोशाखखात्यावरच्या शल्लूमची ही बायको, शहराच्या दुसऱ्या पेठेत राहणारी. यिर्मया संदेष्टा त्याच काळातला, तरी राजाची माणसं तिच्या दारात जातात. ती स्पष्ट सांगते की ग्रंथातलं सगळं खरं होणार आहे, आणि त्यानंतर योशियाच्या मोठ्या धर्मसुधारणा होतात. धर्मग्रंथ म्हणून एखाद्या लिखाणावर मान्यतेची मोहोर उठल्याचा बायबलमधला हा अगदी आरंभीचा प्रसंग, आणि मोहोर एका बाईची. कथाकाराला यात काही वावगं वाटत नाही. स्पष्टीकरण द्यावंसंही वाटत नाही. ते वाटलं नंतरच्या रब्बींना. बायका कोमल मनाच्या असतात म्हणून, यिर्मया गावाला गेला होता म्हणून, अशी कारणं तालमूदमध्ये सापडतात.

सगळ्याच स्त्रिया चांगलं काही घडवतात असं समजू नये. ईजबेल नवऱ्याची मुद्रा वापरून खोटी पत्रं धाडते आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी त्याचा बळी घेते. अथल्या राजवंशाची कत्तल करते, आणि तिच्याच घरातली यहोशेबा एक तान्हा राजपुत्र लपवून तो वंश वाचवते. सारा आपल्या दासीला, हागारेला, मुलासकट घराबाहेर काढायला लावते. बदल घडवण्याची ताकद आणि सद्गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बायबलचे कथाकार हे आपल्या आजच्या प्रेरणादायी भाषणवाल्यांपेक्षा बरंच जास्त जाणून होते.

आता रिस्पा. या संग्रहाची कल्पना ज्या कथेतून निघाली ती हीच, म्हणून जरा थांबतो. दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात तीन वर्षांचा दुष्काळ पडला आहे. कारण सांगितलं जातं की दावीदच्या आधीचा राजा आणि त्याचा वैरी शौल यानं गिबोनी लोकांचं रक्त सांडलं होतं. गिबोनी भरपाई म्हणून शौलाच्या वंशातले सात पुरुष मागतात आणि दावीद देतो. त्यांतले दोघे रिस्पेचे मुलगे. शौलाची ही उपपत्नी. आता तिला ना नवरा, ना आसरा. सातांना डोंगरावर टांगतात, जवाच्या कापणीच्या सुरुवातीला. रिस्पा गोणपाट घेते, खडकावर पसरते आणि तिथेच बसते. दिवसा पाखरांना आणि रात्री रानटी जनावरांना ती प्रेतांजवळ फिरकू देत नाही. आकाशातून पाऊस पडेपर्यंत. जवाची कापणी म्हणजे वसंत ऋतू, आणि त्या मुलखात उन्हाळा कोरडाच जातो. तो पाऊस ऋतूचाच धरला तर ही राखण महिनोन्महिन्यांची होते.

ती एक शब्द बोलत नाही. दावीदच्या कानावर ही गोष्ट जाते. तो याबेश-गिलादाहून शौलाची आणि त्याचा मुलगा योनाथान याची हाडं आणवतो, टांगलेल्या सातांची हाडं गोळा करवतो आणि बन्यामीनच्या मुलखात शौलाच्या बापाच्या थडग्यात त्यांची सोय लावतो. मग एक वाक्य येतं, जे घाईत सुटून जातं: त्यानंतर देवानं देशासाठी केलेली विनवणी ऐकली. सातजणांना टांगल्यावर ऐकली असं लिहिलेलं नाही. हाडं पुरल्यावर ऐकली. राजानं आणि गिबोन्यांनी मिळून ठरवलेला रक्ताचा हिशेब देवानं चुकता धरला की नाही याविषयी मजकूर गप्प आहे. रिस्पेनं राजाला करायला लावलेल्या गोष्टीनंतर मात्र दुष्काळ हटतो. तिचे मुलगे परत येत नाहीत. राजाचा निर्णय तिला बदलता आलेला नाही. पण मेलेल्या शत्रूशी राज्यानं कसं वागायचं, ते तिनं बदललं.

या कथा वाचण्याची परंपराही या कथांइतकीच वळणावळणाची आहे. तालमूदच्या मेगिल्ला भागात सात संदेष्ट्या मोजल्या आहेत: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. हन्ना ओठ हलवत मनातल्या मनात प्रार्थना करते आणि एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. त्याच हन्नेच्या प्रार्थनेवरून रब्बींनी प्रार्थना कशी करावी याचे नियम काढले. ख्रिस्ती परंपरेत उलटंही झालं. मग्दालीया मरीया ही येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार; पण इ. स. ५९१ मधल्या एका प्रवचनात पोप ग्रेगरी यांनी तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी बाईशी एकरूप केलं, आणि पुढची चौदाशे वर्षं चित्रकारांनी तिला केस मोकळे सोडून रडवलं. १९६९ मध्ये रोमन पंचांगाच्या फेररचनेत ही गल्लत बाजूला झाली, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

स्त्रियांनी स्वतः लिहायला घेतलं तेही फार मागे. क्रिस्तीन द पिझाननं १४०५ मध्ये स्त्रियांचं एक काल्पनिक नगर वसवलं, त्यात एस्तेर आणि यहुदीथ यांना घरं दिली. मार्गारेट फेल या क्वेकर बाईनं १६६६ मध्ये, लँकेस्टरच्या तुरुंगात असताना, स्त्रियांनी सभेत बोलण्याचं समर्थन बायबलमधूनच केलं. अमेरिकेत सारा ग्रिम्के गुलामगिरीविरुद्ध बोलू लागली तेव्हा पाद्र्यांनी तिला गप्प बसवायला बायबल काढलं. १८३८ मध्ये तिनं तेच बायबल उघडून उत्तर दिलं. एलिझाबेथ केडी स्टँटननं १८९५ आणि १८९८ मध्ये 'द वुमन्स बायबल' दोन भागांत काढलं आणि थेट म्हटलं की दोष फक्त अर्थ लावणाऱ्यांचा नाही, मजकुराचाही आहे. मताधिकार चळवळीतल्या तिच्याच संघटनेनं १८९६ मध्ये ठराव करून हात झटकले. स्टँटनच्या पुस्तकातली विद्वत्ता आज बरीच कच्ची वाटते. तिचा प्रश्न मात्र अजून निकालात निघालेला नाही: मजकूर सुधारून वाचायचा, की बाजूला ठेवायचा?

१९७० नंतरच्या अभ्यासाचे प्रवाह या प्रश्नावरूनच फुटतात. फिलिस ट्रिबल मजकुराला अगदी जवळून, शब्दाशब्दानं वाचते. १९८४ च्या 'टेक्स्ट्स ऑफ टेरर'मध्ये तिनं हागार, दावीदची मुलगी तामार, लेव्याची निनावी उपपत्नी आणि इफ्ताहाची मुलगी या चौघींच्या कथा कोणतीही मलमपट्टी न करता मांडल्या. एलिझाबेथ श्युसलर फियोरेन्झा हिनं १९८३ मध्ये आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास स्त्रियांना मध्यभागी ठेवून पुन्हा रचला. तिचं म्हणणं, मजकुरात जे गप्प आहे तेही पुरावाच आहे. कॅरल मायर्स पुरातत्त्वाकडे गेली. घरांचे पाये, माग आणि दळण्याचे दगड यांवरून तिनं दाखवलं की इस्राएलच्या डोंगराळ खेड्यांत घर म्हणजेच कारखाना होता, आणि त्याची मालकीण मुकी नव्हती.

त्या दळण्याच्या दगडावरून आठवलं. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात तेबेस गावच्या बुरुजावरून एक बाई वरवंट्याचा दगड टाकते आणि अबीमलेख या जुलमी राजाची कवटी फोडते. मरता मरता तो शस्त्रवाहकाला म्हणतो, मला तलवारीनं मार, नाहीतर लोक म्हणतील बाईनं मारला. काही पिढ्यांनंतर सेनापती यवाब हाच प्रसंग सांगतो, आणि काय सांगतो? बाईनं मारला.

ट्रिबल, फियोरेन्झा, मायर्स या तिघी पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या गोऱ्या स्त्रिया, हेही लवकरच कुणीतरी बोलून दाखवणं भाग होतं. डेलोरेस विल्यम्स या आफ्रिकन-अमेरिकन विदुषीनं १९९३ मध्ये हागारेकडून वाचायला घेतलं: दासी, परकी, मूल कुशीत घेऊन वाळवंटात सोडलेली. इथे देव तिला मुक्त करत नाही, जगवतो, आणि विल्यम्सच्या मते या दोहोंत फरक आहे. बोट्स्वानाच्या मूसा दुबेनं २००० मध्ये विचारलं की राहाबेनं यरीहोत इस्राएली हेरांना लपवलं म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण यरीहोच्या बाकीच्या बायकांचं काय झालं? ज्यांचा देश बायबल हाती घेतलेल्यांनी जिंकला त्यांना हा प्रश्न सुचणारच. भारतात मोनिका मेलँक्थन यांच्यासारख्या अभ्यासक दलित स्त्रियांच्या अनुभवाशी हिब्रू मजकूर ताडून पाहत आल्या आहेत.

एका खड्ड्याबद्दल इथे सावध करायला हवं. येशू स्त्रियांचा कैवारी आणि त्याच्या भोवतीचा यहुदी समाज स्त्रीद्वेष्टा, अशी मांडणी ख्रिस्ती लेखनात सर्रास होते, स्त्रीवादी लेखनातही. जुडिथ प्लास्को आणि एमी-जिल लेव्हाइन या यहुदी अभ्यासकांनी तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. येशूभोवतीच्या स्त्रिया यहुदीच होत्या; घरी पाहुणे बोलावत होत्या, स्वतःचा पैसा खर्चत होत्या, भर रस्त्यात बोलत होत्या. उलट मार्कच्या सातव्या अध्यायात सुरफुनीकी बाई मुलीसाठी विनवते तेव्हा येशूचं पहिलं उत्तर बोचरं आहे, मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये असं. ती त्याच उपमेत उत्तर देते की मेजाखाली कुत्रीही चुरा खातातच. आणि तो ऐकतो. शुभवर्तमानांत येशूशी वादात जिंकलेलं माणूस शोधायचं तर या परदेशी बाईपाशीच यावं लागतं.

मराठीत हा विषय आता कुठे आला असं कुणी समजू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांत त्यांनी जुन्या-नव्या कराराची कथा सांगितली. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी एस्तेरच्या पुरीमला 'होळीचा सण' म्हटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं रंगवली. मिशनच्या काळात बायबलबाई घरोघर जाऊन वाचून दाखवायच्या. अक्षर ओळखणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली ती कित्येक ठिकाणी तीच. ना. वा. टिळकांनी आरंभलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

पण या सगळ्यात पंडिता रमाबाईंचं काम वेगळ्या मापाचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगोलग सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला: मी काय मानायचं ते चर्च ठरवणार की माझी सदसद्विवेकबुद्धी? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपला संताप लपवला नाही. पुढे केडगावला, दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्या वस्तीत, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मराठीत उतरवायला बसल्या. साध्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवायला, मुद्रितं तपासायला, फर्मे घडी घालायला त्याच बाया. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, त्याच्या थोडं आधी काम हातावेगळं झालं होतं. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. एकट्या बाईनं सबंध बायबल भाषांतरित केल्याचं दुसरं ठळक उदाहरण कनेक्टिकटच्या जूलिया स्मिथचं, १८७६ मधलं. ही तीच, जिनं मत देता येत नाही तर कर भरणार नाही म्हणून बहिणीसह हटून बसून गायी लिलावात जाऊ दिल्या. मूळ भाषेपर्यंत जाण्याचा हट्ट आणि दुसऱ्याची ताबेदारी न मानण्याचा स्वभाव या दोघींत बरोबरीनं होता, हा मला योगायोग वाटत नाही.

आज हे का वाचायचं? केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती समाजात शतकानुशतकं बायबल वाचलं जातं, त्यातला गणना २७ सुद्धा. तरी १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलीचा हक्क होता मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी ते. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा धरलेला आहे. महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. आणि वडिलांचं कार्य उरकतं न उरकतं तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो, हेही घरोघरी ठाऊक आहे. छत्तिसावा अध्याय आपल्याकडे तलाठी कार्यालयात वाचायला मिळतो. चर्चमध्येही प्रश्न जिवंत आहे. उत्तर भारतीय चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, रोमन कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातल्या फिबी, प्रिस्का आणि युनिया ही नावं त्या वादात दोन्ही बाजू आपापल्या परीनं काढतात.

संग्रहाविषयी आता थोडं. लेखिका-लेखकांत श्रद्धावान आहेत, नास्तिक आहेत, दोघे यहुदी आहेत. सर्वांना एकच अट घातली होती: आधी मजकूर नीट वाचा, मग त्याच्याशी भांडा. 'त्या काळी बायकांना असंच वागवत' हे वाक्य संपादनात जिथे जिथे दिसलं तिथे तिथे पुरावा मागितला, आणि बहुतेक वेळा वाक्यच गेलं. नावं प्रचलित मराठी बायबलप्रमाणे ठेवली आहेत. अध्याय-वचनांचे आकडे मजकुरात कमीत कमी दिले. ज्यांना हवे त्यांनी शेजारी बायबल उघडून ठेवावं, कुठलीही आवृत्ती चालेल.

येशूच्या आईवर स्वतंत्र लेख नाही, याचं काहींना वाईट वाटेल. ती टाळली नाही, पण तिच्याभोवतीची भक्ती, कला आणि वाद एवढे आहेत की ते एका लेखात कोंबणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. यहुदीथ मात्र आहे, प्रॉटेस्टंट मित्रांची क्षमा मागून. राहाबेवर दोन लेख आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही. एकीच्या मते राहाबेनं मोडकळीला आलेल्या गावात आपल्या घरातली माणसं वाचवली आणि इतिहासाचं वळण ओळखलं. दुसरीच्या मते तिनं दार उघडलं आणि गाव गेलं. दोघींनी एकमेकींचे लेख वाचले, लांबलचक पत्रं लिहिली, आणि कुणीही एक ओळ मागे घेतली नाही. ते दोन्ही लेख लागोपाठ छापले आहेत.